शनिवारचं अक्षर

सेलूचा बाजार शनिवारचा
आणि डॉक्टरांचा शब्बाथही शनिवारचा.
या दोघांच्या ओढाताणीत
मला लिहायला मिळालं.

सहावीत होते. बाप कंपाउंडर,
बाटल्यांना डोसाच्या कागदी खुणा चिकटवायचा.
डॉक्टर हनोख वाकरुळकर शनिवारी
हात पाठीमागं बांधून बसायचे, म्हणायचे,
"लिही, कौतिके."
ते बोलायचे, मी लिहायची.
सकाळी एक, रात्री एक, आंबट बंद.

पैशाला त्या दिवशी शिवायचंच नाही,
तर घ्यायचे कसे?
हे वालूरला कळलं, कुपट्याला कळलं.
गाडीतून उतरलं की आधी दवाखाना, मग मिरच्या.
माणसं म्हणायची, डॉक्टरचा शनी लई पावतो.
एका म्हातारीनं तर रुईची माळ आणली, तेलाची वाटी आणली.
माळ परत केली त्यांनी,
तेलाचा वास तेवढा घेतला, डोळे मिटून.
"करडईचं. आमच्या आज्याचा घाणा खोबऱ्याचा, बाई,
तिकडं कोकणात. शनिवारी बंद.
लोकांनी नावच पाडलं, शनवार तेली."
म्हातारीला काय कळलं कोण जाणे.
म्हणली, "मंग तुमी आमच्यातलेच की."

शुक्रवारी दिवस कलायच्या आत घरी.
मिल्काबाई दोन दिवे लावायच्या.
ते एझ्राच्या डोक्यावर हात ठेवायचे, मग सिपोराच्या,
आणि पुटपुटायचे काहीतरी.
दिवसभर गळवं फोडलेला तो हात.
मी किल्ली द्यायला दारात उभी होते एकदा,
तर माझ्याही डोक्यावर ठेवला. तेच शब्द.
मी विचारलं नाही. घरीपण सांगितलं नाही.

असल्याच एका रात्री विंचू चावलेलं पोर आणलं.
दिवे तसेच ठेवून निघाले.
"जिवासाठी सगळं मोडावं, असं आमच्यात सांगितलंय."
फाटकाशी थांबून म्हणाले,
"बिल करावं, असं कुठं सांगितलेलं नाही."

देवमाणूस वगैरे नव्हते.
माझ्या बापानं मिक्श्चरात पाणी वाढवलं,
तर वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत.
पगार मात्र त्याच वर्षी वाढवला.

एझ्रा दिमोनाला गेला, सिपोरा ठाण्याला.
मिल्काबाई पाथरी रस्त्याला, दोन गुंठ्यांत,
डाळिंबाखाली.
त्यानंतर पोरानं बोलावून घेतलं तिकडं.
ऐंशी दिवसांत परत.
"का हो डॉक्टर, करमलं नाही?"
"सगळं चांगलं होतं. पण दोन महिने कुणी मला
'कामून?' म्हणून विचारलं नाही."

गेले ते मंगळवारी.
ठाण्याहून जीप आली. एझ्राचं विमान दुसऱ्या दिवशीचं,
थांबता येत नव्हतं.
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात म्हणे.
मोजले, सात भरले.
पुन्हा मोजले. सातच.
पाथरी रस्ता माणसांनी भरलेला,
गाड्या सोडलेल्या, हमाल, मुल्लाजी, सरकीच्या मिलवाले,
तो विंचवाचा पोरगा, आता मिशीवाला.
माझा बाप पुढं झाला. "आम्ही उभं राहिलो तर?"
पांढऱ्या टोपीचा म्हातारा बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिला.
"उभे राहा," म्हणाला.
"मोजता येणार नाही. पण उभे राहा."

तर आम्ही उभे राहिलो.
ती दहांची प्रार्थना त्या दिवशी झालीच नाही.
सिपोरानं वडिलांच्या उशाशी माती लोटली
आणि आम्ही, न मोजलेले,
ऊन उतरेपर्यंत तिथंच.

वही माझ्याकडं आहे.
रविवार ते शुक्रवार त्यांचं अक्षर, मुंग्यांसारखं,
त्यांनाही नंतर न लागणारं.
शनिवारी माझं, ठळक, ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं,
आणि शेजारी पैशाचा रकाना कोरा.
बाजाराच्या दिवशी कधी उघडते.
वालूरच्या कुणाला तरी
अजून खोकला आहे.