काठ काढताना

निफाड सोडलं आणि तासभर
उसाच्या ट्रॉलीमागं रांगत गेले.
चापडगावात पोचले तर धुकं
आवरून निघालेलं.
चहावाल्यानं विचारलं, पक्षी बघायला का?
म्हटलं, नाही, काठ काढायला.
त्यानं चहा जरा जास्तच गोड केला,
आजाऱ्याला देतात तसा.

नकाशात नांदूर मध्यमेश्वर निळं आहे, एकसंध,
कडेला ठाम काळी रेघ.
इथं ती रेघ सापडत नाही.
पाणी कुठं संपतं म्हणून बघावं
तर आधी जलपर्णी, मग गाळ, मग पाणकणीस,
मग पुन्हा पाणी, बोटभर,
त्यात एक शेकाट्या
गुलाबी काड्यांवर उभा,
आणि मग एकदम हरभरा.

मी येवल्याची. वडील मागावर बसत.
काठ आधी, म्हणायचे.
काठ ढळला की लुगडं गेलं,
मग पदरावर मोर नाचव नाहीतर पोपट.
चाळीस वर्षं मी तशीच चित्रं काढली:
आधी कड, मग आतलं.

गोटीराम होडी ढकलत म्हणाला,
‘ताई, कालपासून आवर्तन सुटलंय.
तुम्ही मारा रेघ, पानी काय थांबायचं नाही.’
खरंच. दहाला पेन्सिलीनं धरलेली कड
साडेअकराला चार हात आत सरकली.
मागं उरला ओला तपकिरी पट्टा,
त्यावर तुतवारांची धावदोऱ्याची शिलाई.
मी खोडलं. पुन्हा काढलं. खोडलं.
कागदाला लव आली.

‘हे सगळं आमचं गाळपेर,’ तो सांगत होता.
‘पानी उतरलं की शेत, चढलं की मासे.
बापाच्या टायमाला इथं बांबू बुडायचा,
आता माझी कंबर भिजत नाही.
धरण भरत चाललंय, ताई,
पण पान्यानं नाही.’
आणि हसला,
दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसा.

रोहित अजून आले नव्हते.
वीटभट्टीचा धूर पाण्यावर आडवा पडलेला,
चक्रवाकांची एक जोडी त्यातून
खोकल्यासारखी ओरडत गेली.

रंगांसाठी डब्यात तिथलंच पाणी घेतलं.
आभाळाचा हात दिला, वाळू दिला,
तर निळ्याच्या तळाशी बारीक भुरा थर,
मी न लावलेला.
पुसायला गेले, हात थांबला.
कुठला असेल हा गाळ?
त्र्यंबकच्या डोंगराचा,
कुणाच्या द्राक्षबागेच्या बांधाचा,
गंगापूर रोडला आमच्या शेजारी
खोल खोल खणलेल्या पायाचा.
आणि रोज रात्री मी बेसिनमध्ये ब्रश धुते,
जांभळं-हिरवं पाणी भोवरा घेऊन खाली जातं,
त्याचाही असेल चिमूटभर.
सकाळपासून सगळ्यांना सांगत होते,
मी इथं पहिल्यांदाच येतेय.
माझं पाणी कधीचं येतंय.

निघताना गोटीरामनं चित्र बघितलं,
बराच वेळ, मान तिरकी करून.
‘यात माझा तुकडा कुठंय?’
मी अंदाजानं बोट ठेवलं.
ते निळ्यावर पडलं. ओशाळले.
‘बरोबर हाये,’ तो म्हणाला,
‘संक्रांतीपर्यंत पान्यातच असतो तो.’

मग पाण्याच्या कडेला त्यानं
बाभळीची एक काठी रोवली,
उद्या कुठं राहते ते बघायला.
मीही रोवली, कागदावर,
एकाच फटक्यात, न खोडता.
तिचा पाय पाण्यात की कोरड्यात,
तेवढं काढायचं सोडून दिलं.