आटीची पट्टी

वगाला तीन तास असायचे,
पिटात कुणाला पान जमवायचं असेल तर साडेतीन.
तेव्हा माझी आक्काताई सात पानं बोलायची.
नवरा तालमीत घुमतो, ही गंगावेशीच्या कट्ट्यावर
रोज पहाटे म्हैस पिळून त्याचा पेला भरते,
आणि एके दिवशी, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत,
तो पेला स्वतःच पिऊन टाकते.
सात पानं. फेटे उडायचे.

रेडिओवाले म्हणाले, अठ्ठावीस मिनिटं.
आणि बाई, पिणं दिसत नसतं.
आठ दिवस मी स्वयंपाकघरात भांडी आपटत बसले.
मग लिहिलं: रिकामा पेला दगडावर टेकल्याचा आवाज.
नंतर नवऱ्याचा एक श्वास.
मिरजेहून कुणा बाईचं कार्ड आलं,
त्यावर दोनच शब्द: मला दिसलं.

मग मालिका.
सोमवारी पेला उचलला,
मंगळवारी सासूचा चेहरा तीनदा,
ओठाला लागेतो शनिवार.
मधल्या मध्ये म्हैस बदलली, कुणाला पत्ता नाही.
पैसे बरे मिळाले. गच्चीवर पत्रा पडला त्यातून,
खोटं कशाला बोलू.
करारात होतं: सर्व माध्यमांत, सर्वकाळ, संपूर्ण विश्वात.
मी सही केली.
मंगळावर आक्काताई कुणाच्या मालकीची
हे विचारायचं सुचलं नाही.

आता इर्शाद.
उद्यमनगरात बापाच्या शेडमध्ये, अर्ध्या शटरआड, दिवे लावतो.
'मावशी, नव्वद सेकंद. पहिले तीन आपले,
उरलेले बघणाऱ्याच्या अंगठ्याचे.'
तीन सेकंदांत, मी म्हटलं,
आमचा ढोलकीवाला घामसुद्धा पुसून होत नसे.
त्यानं फोन उभा धरला.
उभ्या चौकटीत म्हैस मावेना.
म्हैस काढली. कट्टा काढला. गिऱ्हाईकं काढली.
मला वाटलं, आता हिलाच काढतोय.

कोपऱ्यात हुसेन मिस्त्री लाकूड तासत होते.
ओतकामाचे नमुने, चाळीस वर्षं तेच.
त्यांची पट्टी उचलून मी माझ्या पर्समधल्या पट्टीला लावली.
प्रत्येक इंच केसभर लांब.
'मिस्त्री, ही खोटी आहे.'
'खोटी न्हवं. आटीची हाय.
लोखंड निवताना आटतं, बाई.
पाहिजे तेवढंच केलं की कमी पडतंय.'
भुसा फुंकला, आणि मग, जरा थांबून:
'बिडाची पट्टी पितळेला चालत न्हाई.
परतेकाची येगळी.'

रंकाळ्याच्या कडेनं चालत घरी आले.
लाइटबिलाच्या पाठीवर जागा पुरेना म्हणून वही काढली
आणि सातही पानं पुन्हा लिहिली, पहिल्यापासून,
म्हशीच्या शेपटीसकट.
रात्रभर निवू दिली.
सकाळी उरलं ते असं:
पेला रिकामा. तिच्या ओठावर फेस.
ती कॅमेऱ्याकडे नाही, पेल्याच्या बुडाकडे बघते.
म्हणते, 'आज मला भूक होती.'

इर्शाद काही बोलला नाही.
शटर थोडं वर केलं, उजेड आत घेतला, इतकंच.
मिस्त्रींनी रंधा थांबवला होता.

कागद मीच केला या वेळी.
उभ्या फोनपुरतं, दोन वर्षं.
नाव शेवटी नाही, पेल्याबरोबर.
'विश्व' खोडलं.
इर्शाद म्हणाला, 'विश्वात कोण बघणार हाय, मावशी?'
म्हटलं, मिरजेची बाई तरी कुठं ठाऊक होती.

आता पुण्याची एक पोरगी मागतेय,
फक्त आवाज, चालणाऱ्यांच्या कानात, दहा भाग.
कुणी भाजी निवडत ऐकणार, कुणी जिना चढत, धापेत.
रेडिओची पट्टी लावून बघितली. आखूड पडते.
भांडी पुन्हा काढलीत.
पेला आहे. दगड आहे.
कानाइतक्या जवळ
बाई दूध कशी पिते,
ते अजून मोजतेय.