जुना फॉन्ट

शमुवेलकाका गेले
तेव्हा त्यांचा फॉन्टही गेला.
मिरजेच्या आमच्या चर्चमधल्या नव्या लॅपटॉपवर
दोनशे बारा गीतांच्या फायली उघडल्या
तर नुसते कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं,
चित्रकथेतल्या शिव्यांसारखी.

मग बसले मीच युनिकोडात टाइप करायला,
दर शनिवारी, दवाखान्यातली ड्यूटी संपल्यावर.
शेजारी त्यांच्या छापील प्रती:
कडेला चहाचा डाग,
कुठे पेनाने लिहिलेलं 'इथे सावकाश'.

एकशे चाळिसाव्या गीतात
'कृपा'च्या जागी त्यांनी 'कृपया' टाइप केलं होतं.
पंधरा वर्षं ते भिंतीवर झळकत होतं
आणि पंधरा वर्षं आम्ही सगळे
वर बघून 'कृपया' वाचत
'कृपा'च गात होतो.
काकांना कुणी बोललं नाही.

ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, निसटलेले अनुस्वार दिले.
त्या शब्दापाशी कर्सर बराच वेळ
उघडझाप करत राहिला.
सेव्ह केलं, तसंच.

रविवारी भिंतीवर 'कृपया' उजळलं.
पहिल्या बाकावरून ताराकाकूंनी वर पाहिलं,
चष्मा पदराला पुसला,
आणि सगळ्यांच्या आधी, जरा वरच्याच पट्टीत,
'कृपा' म्हटलं.