पंधरा पौंडांवर पंधरा मिनिटं

कोरेगावच्या कॉलेजात तेवीस वर्षं
मी काचेच्या बशा धुतो.
हजेरीपटावर : प्रयोगशाळा परिचर.
पोरं म्हणतात, जगूमामा.

परवा वर्षातलं पहिलं प्रॅक्टिकल.
बर्गे मॅडम म्हणाल्या, आगरवर बोट टेकवा,
दाबू नका, नुसतं टेकवा,
अंगठा उठवतात तसा, पण शाईविना.
पोरं हसली. हात तर आत्ताच धुतलेले.
(साबण मीच ठेवतो. निम्मा चोरीला जातो.)

एक बशी उरली.
कुणी बघत नाही बघून मीही टेकवलं.

दोन दिवस इन्क्युबेटरच्या उबेत.
आज सकाळी बघतो तर
तरन्नुम मुलाणीच्या बोटाजागी पिवळे ठिपके,
हळद सांडल्यासारखे.
पाठीमागच्या बाकावरच्या पोराचे पांढरे, साबुदाण्याएवढे.
आणि माझ्या बशीत
एक चकचकीत, एक सुरकुतलेला,
एक असा पसरलेला, जसं उन्हाळ्यात
वसनेच्या डबक्यावर शेवाळ सुटतं.
तेवीस वर्षं मी यांनाच मारतोय
आणि हे माझ्याच हातावर बसून
बघत होते.

मग मॅडमनी वाघ्या घेवड्याचं रोप आणलं, मातीसकट.
मुळांना गाठी. मला वाटलं, रोग पडला.
त्यांनी ब्लेडनं एक गाठ चिरली.
आत गुलाबी. तान्ह्या पोराच्या हिरडीसारखी.
"हवेतला नत्र इथं शिजतो," म्हणाल्या,
"चूल नाही, धूर नाही, शिट्टी नाही."
शिट्टी म्हणताना त्यांनी माझ्या ऑटोक्लेव्हकडे बघितलं.
उगाच लागलं मला ते.

पाच वाजता बशा रचल्या.
नियम तो नियम. यात एखादा आजारही असेल,
ठिपक्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं.
पंधरा पौंड, पंधरा मिनिटं.
माझी बशी सगळ्यात वर ठेवली.
का, ते विचारू नका.

घरी हौसा कोमट दुधात करंगळी बुडवून बघत होती.
विरजण संपलेलं,
मुलाण्यांकडून चमचाभर उसनं आणलेलं.
त्यांनी इदेच्या आधी बर्ग्यांकडून नेलेलं,
बर्ग्यांनी कुणाकडून,
ते आता कुणालाच आठवत नाही.

"हात धुतलेत का?"
धुतलेत, म्हणालो,
आणि हात मांडीवर ठेवून
न हलता बसलो,
अंगावर पोर झोपलं की बसतात तसा.