चरा

ध्वनीने दोनशे चित्रे पाठवली आहेत,
काही माणसांची, काही यंत्राने केलेली.
किती कुठली, ते सांगायचे नाही असे ठरलेय.
प्रत्येकाखाली दोन चौकोन : खरे, खोटे.
'फक्त टिचकी मारा मॅडम, विचार नका करू.'

अडतीस वर्षे मी विचार करायचाच पगार घेतला.
आता रावपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर,
खालून सेव-उसळीचा वास येतोय
आणि मी विचार न करण्याचा प्रयत्न करते आहे.

पहिले खरे. दुसरे खरे.
तिसऱ्यातला गुलाबी रंग जरा जास्तच शहाणा,
जांभळी केंद्रके पंगतीला बसल्यासारखी.
खोटे.

गाठीचा हा प्रकार फार विरळा, ध्वनी म्हणाली.
तुमच्या कपाटातल्या सगळ्या काचा उपसल्या,
निघाल्या अकरा.
अकरांवर यंत्र काय शिकणार?
म्हणून त्यांचे चौकोनी तुकडे केले,
तुकड्यांवरून नवी चित्रे,
आता अकरा हजार आहेत.

अकरांतले मला तिघे आठवतात.
डभोईची एक बाई,
तिचा नवरा पाकीट तळहातावर तोलत उभा,
जणू वजनावरूनच कळेल.
कारेलीबागेतले एक ड्रॉइंग मास्तर.
आणि एक मुलगा, ज्याचे वय मी दोनदा पाहिले,
लिहिणाऱ्याची चूक असेल म्हणून.
चूक नव्हती.

या अकरा हजारांसाठी बाहेर बाकावर कोणी नाही.
कोणी देव पाण्यात ठेवलेले नाहीत.
गाठ आहे, अंग नाही.
आधी भीती वाटली याची.
मग, खोटे कशाला बोलू,
सुट्टी मिळाल्यासारखे वाटले.
एखादे चुकले तर चुकले.

पण विश्वामित्रीच्या काठावर
लाकडासारखी पडलेली मगर
आम्ही लहानपणापासून ओळखतो,
ती नुसत्या आकारावरून नव्हे.
कुणाचे तरी वासरू गेलेले असते.
यंत्राला ओंडका येतो, मगर येते.
वासरू?

चित्र एकशे सदतीस.
उजव्या कोपऱ्यातून खाली तिरका उतरलेला
एक बारीक पांढरा चरा,
त्याला लागून दुसरा, केसभर अंतरावर.
हात माउसवरच थांबला.

नटुभाई परमार.
तळघरातली खोली, वितळलेल्या मेणाचा वास,
कोमट पाण्यावर तरंगणारे पापुद्रे
ते कुंचल्याने असे उचलत
की झोपलेले मूल कुशीवर वळवावे.
त्यांच्या सुरीच्या पात्याला दोन टवके होते.
'नटुभाई, चरा आलाय परत.'
'हा बेन, काले बदलीश.'
गुजरातीतले काले म्हणजे उद्या, आणि काले म्हणजे कालही.
मराठी कानाला त्यातले नेमके कुठले
हे चौदा वर्षांत उमगले नाही.
नवे पाते कपाटात कागदात गुंडाळलेलेच राहिले.

खरे, मी टिचकी मारली.
दोनशेंत इतकी खात्री दुसऱ्या कशाचीच नव्हती.

संध्याकाळी ध्वनीचा फोन.
'छान गुण पडले मॅडम. एकशे सदतीस मात्र आपले.
म्हणजे यंत्राचे.'
अकरापैकी नऊ काचा नटुभाईंच्या हातच्या.
यंत्राला वाटले असणार,
चराही त्या आजाराचाच भाग.

त्यांना जाऊन सहा वर्षे होतील.
कुणालाच न झालेली एक गाठ
त्यांची सुरी अजून कापते आहे,
तोच टवका, तोच उतार.

'दोष आहे तो,' ध्वनी म्हणते,
'नाहीतर यंत्र गाठीऐवजी चराच शोधत बसेल.
सगळ्या चित्रांतून पुसून टाकू ना?'

बरोबर आहे तिचे.
मीच चौदा वर्षे हेच सांगत होते.
चहावर साय धरली आहे,
खाली कोणीतरी स्कूटरला लाथा घालतेय, सुरू होत नाही.

'हो,' म्हणाले मी.
'काले.'