इतर

उरलेला डबा अश्रफमियांनी झाकण ठोकून गॅलरीत ठेवला.
"भाभी, टचअपला लागेल, फेकू नका."
मग शिडी खांद्यावर घेऊन चार जिने उतरून गेले.
उरलो आम्ही दोघं,
आणि हॉलच्या मधोमध, जुन्या चादरींखाली,
घर.

सतरा वर्षं एवढ्याशा ढिगात मावतात
हे मला माहीत नव्हतं.
फ्रिज, फ्रिजवर शिलाई मशीन,
मशीनवर गॅसचा लायटर, का कोण जाणे.

शेडकार्डावर हा रंग निराळा होता.
दिवसा ताकासारखा दिसतो,
ट्यूब लावली की पिठल्यासारखा.
"तूच निवडलास," वसुंधरा म्हणते.
"आपण निवडला."
ती फडकं पिळते. जरा जास्तच पिळते.

ऐरोलीत या वेळी रबाळ्याकडून येणारा तो केमिकलचा वास
आज रंगाच्या वासापुढे हरला आहे.
खिडक्या सताड, पडदे अजून धोब्याकडे,
त्यामुळे समोरच्या इमारतीतल्या बाई
पोळी लाटता लाटता आम्हाला हात करतात.
आम्हीही करतो.
नाव विचारायचं राहूनच गेलं इतकी वर्षं.

खोक्यांवर तिचं अक्षर:
काच, हळू.
देव.
वायरी.
तुझे कागद.
आणि एकावर नुसतंच, इतर.

देव आधी लागले. मग चहाचं पातेलं.
मग काही वेळ काहीच नाही,
कारण चहा झाला तरी गाळणी कुठल्या खोक्यात ते आठवेना,
आणि आम्ही पदराच्या टोकातून गाळलेला चहा
जमिनीवर बसून प्यायलो.

किती वाजले म्हणून दोघांनी एकदमच मान वर केली.
भिंतीवर घड्याळ नव्हतं.
खिळाही नव्हता, भोकसुद्धा नाही.
अश्रफमियांचा हात सफाईचा:
आम्ही जिथे जिथे काही ठोकलं होतं
तिथे तिथे लांबी भरून, घासून, वरून दोन हात.
मी हातोडी घेऊन स्टुलावर.
"इथे?"
"थोडं डावीकडे. नको, थांब."
"किती थांबू?"
"राहू दे रे एक दिवस कोरी."
घड्याळ सोफ्यावर टेकून बसलं,
पाहुण्यासारखं, टिकटिकत.

कपाट सरकवताना मागे सापडली
कॅरमची राणी.
हिच्यावरून आपण एक आख्खा रविवार बोललो नव्हतो, आठवतं?
मग एका काळ्या सोंगटीला तू नेलपॉलिश लावलंस
आणि तीच आम्हाला राणी म्हणून पुरली,
पुढे बोर्डही कुणाला तरी देऊन टाकला.
वसुंधराने तिला पदराने पुसलं,
बघितलं,
इतरमध्ये टाकलं.

आईच्या आजारपणात ती आतल्या खोलीत झोपायला गेली,
रात्री दोनदा कूस बदलून द्यावी लागे म्हणून.
आई गेली. ती परत आली नाही.
माझं घोरणं हे कारण पुढे सापडलं,
आणि आम्ही दोघांनी ते जपून वापरलं.

पण गेले अकरा दिवस
दोन्ही खोल्यांत शिड्या होत्या, पुट्टी होती,
आणि गादी पडायची एकच, फ्रिज आणि कपाटाच्या फटीत,
जिथे कूस बदलायची तर आधी सांगावं लागतं.
पहिल्या रात्री तिचं कोपर.
तिसऱ्या रात्री हसू, फ्रिजची मोटर दचकवून गेली म्हणून.
नंतरचं मी इथे लिहीत नाही.

आज दोन्ही खोल्या तयार.
फरशी पुसलेली, पलंग जोडलेले,
माझा माझ्या खोलीत, तिचा तिच्या,
चारही पायांखाली तिने रबराच्या टोप्या घातल्या.
साडेअकरा झाले असावेत.
गुंडाळलेली गादी हॉलमध्ये उभी,
आणि आम्ही तिच्या दोन बाजूंना,
उगाच वायरी गुंडाळत.

"आतल्या भिंती ओल्या आहेत अजून,"
ती म्हणाली, वायरीकडेच बघत.

मी आत गेलो. तळवा टेकवला.
भिंत खडखडीत कोरडी.

बाहेर येऊन हात पायजम्याला पुसला.
म्हटलं, "हो गं. बऱ्याच ओल्या आहेत."