उत्तरेकडची भिंत

वारसा खात्याचा माणूस आला तेव्हा
मी कोंबड्यांच्या खाद्याची पोती मोजत होते.
यारंगालच्या पोस्टात आता तिकिटांपेक्षा तेच जास्त खपतं.
नाव डेस्मंड पेनहॅलो. बूट स्वच्छ, खिशात फीत.
दाराशीच थांबून त्यानं भिंतीला हात लावला,
घोड्याच्या मानेला लावावा तसा.

बघा, म्हणाला, एक वीट लांबीची, एक डोक्याची,
वर पुन्हा तसंच. माती इथलीच, नदीकाठची,
भट्टीत जरा जास्त भाजली, म्हणून जांभळट.
कमानी पाच. व्हरांडा पूर्वेला नि दक्षिणेला.
काउंटर सीडरचा. असं झाड आता जंगलात उरलं नाही.
काउंटरला जिथं खळगा पडलाय तिथं मीही रोज कोपर टेकते,
पण ते त्याच्या फितीत बसेना.

मनोऱ्यात घड्याळासाठी गोल भोक आहे.
घड्याळ आलंच नाही.
आधी पैसे संपले, मग दुष्काळ पडला, मग लढाई,
मग पाकोळ्या आल्या. त्या राहिल्या.
अजून कुणी वेळ विचारली तर म्हातारे वर बघून सांगतात,
पाकोळ्यांचे पाच वाजलेत.

तारेचं यंत्र होतं त्या खोलीत मी त्याला नेलं.
मिस ऊना ट्रेगार्थन इथं एकोणतीस वर्षं कानांनी वाचत होती.
सगळ्या गावाआधी तिला कळायचं
आणि सगळ्या गावाला तिच्याकडे बघून कळायचं:
बिनहॅटची निघाली तर पाव आणायला.
हॅट घालून निघाली
की दोरीवर कपडे घालणाऱ्या बाया
तोंडात चिमटे धरून तशाच थांबायच्या,
ती कुणाच्या फाटकाशी वळते ते बघत.

उत्तरेकडच्या भिंतीशी मात्र तो रेंगाळला.
छातीच्या उंचीवर, दीड फूट बाय एक,
विटा वेगळ्या. नुसत्या लांबीच्या, घाईच्या, सिमेंटात.
भिंतींना कान असतात म्हणे;
ह्या भिंतीला तोंड होतं.
वहीत लिहिलं त्यानं: बुजवलेला झरोका. उद्देश अज्ञात.

कुत्र्याच्या खाद्यासाठी आलेली आंटी मेव्हिस
मागे उभी होती. मी पाहिलंच नव्हतं.
म्हणाली, कुणाला अज्ञात?

मग कुणीच काही बोललं नाही, पाकोळ्या सोडून.

माझी आजी इथं उभी राहायची, ती म्हणाली.
पुढचं दार आमच्यासाठी नव्हतं.
ह्या बाजूला व्हरांडा नाही, बघितलंत ना?
आपल्याकडे सूर्य उत्तरेनंच जातो.
आजोबा राजाच्या लढाईला गेले, घोड्यावरून, वाळवंटात.
त्यांची पत्रं ह्या भोकातून यायची.
शेवटची तारसुद्धा.
तिच्या फाटकाशी कुणी हॅट घालून गेलं नाही.
निरोप आला, झरोक्याशी ये.

आणि बुजवलं कधी? त्यानं विचारलं, पेन न उचलता.
एका रविवारी. मी आठ वर्षांची होते.
सोमवारी आजी मला घेऊन पुढच्या दारानं आत आली,
एक तिकीट मागितलं.
पत्र लिहावं असं तिचं कुणी उरलं नव्हतं.
तिकीट तिनं चिकटवलं नाही.

त्यानं दोन शब्द खोडले.
बराच वेळ काही लिहीत राहिला,
काय ते मी विचारलं नाही.

पाटी वसंतात लागली. पितळेची.
तीत कमानी आहेत, सीडर आहे, मनोरा आहे.
भिंत आता कुणाला पाडता येणार नाही,
रंगवता येणार नाही,
झरोका पुन्हा उघडायचा म्हटला तरी अर्ज करावा लागेल, तीन प्रतींत.

मेव्हिस दर गुरुवारी येते.
पिशवी काउंटरवर, त्या खळग्याशी ठेवते,
चष्मा शोधते, पर्स शोधते,
सुटी नाणी एकेक करून मांडते.
मागे रांग व्हरांड्यापर्यंत गेली तरी
मी तिला घाई करत नाही.